धुऱ्याचे सात तास

मी, देवीलाल धावजी आडे, वय अंदाजे सदुसष्ट, बोरी अरबजवळच्या तांड्यात राहणारा, कचेरीचा निवृत्त शिपाई, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि माणसांचा मला पुरता वीट आलेला आहे.

१. घर, बैलजोडी, माझे शेत व माझी बायको धनीबाई हिच्या मागे राहिलेली चांदी मुलगी गंगी हिला. जावयाने मध्ये तोंड घालू नये.

२. खिशातले घड्याळ कोणीही न्यावे. एकतीस वर्षे मी कचेरीत तास ठोकला. साहेब साडेदहाला आले की मग दहा ठोकायचे, असा हुकूम होता, आणि लोक त्यावर घड्याळे लावत. काळ म्हणजे काय हे मला तेव्हाही कळले नाही. देवराव मास्तर सांगतात, आमचे आजे बैलांवर मीठ लादून हिंडत होते तेव्हा काही ताऱ्यांवरून निघालेला उजेड आत्ता इथे पोचतो. एवढ्या अफाट पसाऱ्यात माझा सख्खा भाऊ भावसिंग दरसाल नांगरताना आमच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, एक तास माझ्याकडे सरकवत आला. शेतातला तास म्हणजे नांगराची एक रेघ. मला किळस येते.

३. यंदा फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत आले. जग बुडणार म्हणून तांड्याने कापूस झाडावर सोडला. तेव्हा भावसिंग रडत माझ्या दारी आला. म्हणाला, "भिया, तुह्ये सात तास म्या खाल्ले. आता वर जाऊन कायले खोटं बोलू?" मी त्याला पोटाशी धरले, माफ केले. तीन दिवसांनी जग जागेवरच होते. धुरा मागे घे म्हटले, तर म्हणतो, मी असे बोललोच नाही.

४. ते सात तासही गंगीचेच. जग बुडण्याच्या भरवशावर दिलेली माफी मला रद्द करायची होती. वकील म्हणाले, तसे कलम नसते. म्हणून दुसरा साक्षीदार भावसिंगच हवा. त्याला सगळे वाचून दाखवावे. अंगठा दिला तर कबूल झाले. नाही दिला तर त्याने माझ्या मातीला येऊ नये.

दारव्हा, १४ जून १९६२.
सही: देवीलाल धावजी आडे
साक्षीदार १: देवराव श्रावण मेश्राम, मास्तर (सही)

लिहिणार रामधन अर्जनवीस यांची नोंद: साक्षीदार दोन यांना मजकूर शब्दशः वाचून दाखवला. ते बोटांवर मोजू लागले. मग म्हणाले, "सात नाही, नऊ. नऊ लिहा, मंग अंगठा घ्या." त्याप्रमाणे समासात दुरुस्ती करून दोघा भावांची सही-निशाणी घेतली.

साक्षीदार २: भावसिंग धावजी आडे, डाव्या अंगठ्याचा ठसा