पडवीतलं वुडस्टॉक

उरण,
२१ जुलै २०२५

ती. गं. भा. कोकिळाताईस,
धाकट्या गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, पत्राला मात्र टपालाने चोख उत्तर देतेस, म्हणून हा कागद. रागावली असशील तर एकदा सांगून टाक. अंबाजी भावोजींच्या वर्षश्राद्धाला मी बोलत होतो आणि तू ताटं वाढत सरळ पुढे निघून गेलीस. घरी आल्यावर दोन दिवस मला तेच आठवत होतं.

आता मुद्द्याचं. गेल्या ऑगस्टला भावोजींना जाऊन जेमतेम महिना झाला होता. वर्ष पाळायचं, घरात गाणंबजावणं नाही, म्हणून मी रेकॉर्डचा विषयही काढला नाही. यंदा वर्ष सरलं. वुडस्टॉकच्या त्या तीन रेकॉर्डी भावोजींनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणल्या, तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला आपण तिघं पडवीत बसून ऐकत आलो आणि दरवेळी भांडलो. एकोणसत्तरच्या पंधरा ऑगस्टला अमेरिकेत सुरू झालेल्या त्या चिखलातल्या जलशात सगळ्यात भारी कोण? माझा कौल अजून पहिल्याच गड्याला. बाकीचे वाटेत अडकलेले, हा एकटा गिटार घेऊन उभा. जवळची गाणी संपली तरी खाली उतरू देईनात, तेव्हा उभ्या उभ्या त्याने नवं गाणं जुळवलं. भावोजींचा आवडता म्हणजे सोमवार सकाळचा तो डावखुरा. जत्रा उठून गेलेली, मैदान बरंचसं रिकामं, आणि हा जीव तोडून वाजवतोय. तुझी तऱ्हाच वेगळी. तुला गाणारे नकोतच, पाऊस थांबावा म्हणून ओरडणारी गर्दी हवी. ऑगस्टात पावसाला थांब म्हणणारी माणसं बघून कोकणातल्या बाईला हसू येणारच.

इथे माझा निकेत कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या धंद्यात बुडालेला असतो, बापाला जेवताना तेवढा भेटतो. बोलायला मला भिंती आहेत. पंधराला येऊ का? लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
गुणाजी


दिवेआगर,
२६ जुलै २०२५

चि. गुणाजीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सत्तरी ओलांडलेल्याला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण धाकटा तो धाकटाच. ते ‘गं. भा.’ मात्र पुन्हा लिहू नकोस. नुसतं ताई पुरे.

राग कसला रे. मला ऐकू येत नाही. श्राद्धाच्या दिवशी तू माझ्याशी बोलत होतास, हे तुझ्या पत्रातून आज कळलं. थंडीत कानात शिट्टी वाजायला लागली, होळीच्या सुमारास उजवा गेला, मागोमाग डावा. बोर्लीच्या डॉक्टरांनी माणगावला धाडलं. तिथे कागदावर लिहून दिलं की नसच गेली, आता उपाय नाही. कानाला यंत्र लावून पाहिलं तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं, शब्द एक कळत नाही. ऋत्विक कॅनडातून व्हिडिओवर बोलतो तेव्हा मी मान हलवते नि हसते. त्याला वाटतं आई खुशीत आहे. त्याला तू कळवू नकोस, माझं लेकरू आहे, मी सांगेन.

एक गोष्ट मात्र जिवाला लागून राहिली आहे. मागच्या ऑगस्टला माझे कान शाबूत होते. रेकॉर्डी कपाटात, यंत्र धडधाकट, आणि मी वर्ष पाळत बसले. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, मलाच वाटलं ह्यांच्यासाठी एवढं तरी करावं. वर्ष सरलं तोवर कान सरले. ह्यांनी पाहिलं असतं तर मला वेडी म्हणाले असते.

फार एकटं वाटतं, गुणाजी. वाडीच्या मागे समुद्र आहे, एवढ्या वर्षांची त्याची गाज, तीही गेली. पंधराला ये असं कुठल्या तोंडाने म्हणू? तूच ठरव. जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझी,
ताई


उरण,
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवून जेट्टीपर्यंत चालत गेलो.

काल मोबाइलवर तुझे पाऊसवाले लावले. निकेत आतून येऊन म्हणाला, बाबा, ही कसली बोंबाबोंब, बंद करा. केलं बंद. भांडलासुद्धा नाही मेला.

ताई, पंधराला मी येत नाही. तुझ्यासमोर बसून मी ऐकायचं आणि तू नुसतं बघायचं, हे माझ्याने होणार नाही. जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. दिवाळीला येईन, फराळ करू, गप्पा लिहून मारू. रेकॉर्डी नीट बांधून ठेव, दमट हवेने बुरशी धरेल. प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
गुणाजी


दिवेआगर,
७ ऑगस्ट २०२५

चि. गुणाजीस आशीर्वाद.

आता मात्र खरंच राग आला.

तू सांगितलंस म्हणून रेकॉर्डी बांधायला काढल्या. मग म्हटलं, बांधण्याआधी यंत्र चालतं का ते बघावं. ह्यांच्या डावखुऱ्याची बाजू वर ठेवली. सुई टेकली, तबकडी फिरायला लागली. आवाज किती झाला हे मला काय कळणार, कळ शेवटपर्यंत पिळली.

वाडीत कामाला येणारा कोंडाजी झावळ्या गोळा करत होता. शेजारच्या मैनाने मला मागेच लिहून दाखवलं होतं की तो गावभर सांगत फिरतो, काकी हाकेला ओ देत न्हाय, तिला गर्व झाला हाय. तो धावत आला आणि पायरीशी थबकला. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. मी हाताने बस म्हटलं, तर बसला, ह्यांच्या खुर्चीकडे तोंड करून. मी त्याच्याकडे बघत राहिले. एकदा त्याने खांदे आवळले. तिथे ती गिटार विमान कोसळल्यासारखी वाजते, मला पाठ आहे. मग त्याने मान खाली घातली. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण फडक्याने डोळे पुसले. काही वेळाने तो उठला, मला नमस्कार केला आणि वाडीत गेला. तो उठला तेव्हा मला कळलं की संपलं.

मला तेवढं पुरतं. तू ऐक, मी तुझ्याकडे बघेन. भांडण पाटीवर लिहून करू, हरणार तूच आहेस. मला वाईट वाटेल म्हणून तू तिथे बसलास, तर मी इथे एकटी बसून काय करू? वर्ष पाळायचं ते गेलेल्या माणसाचं, ते पाळून झालं. माझ्या कानांचं सुतक तू धरू नकोस. मी अजून घरात आहे.

पंधराला, शुक्रवारी दुपारी जेवायला ये. लोभ असेल तर बरोबर घेऊन ये, टपालाने पाठवू नकोस.

वाट बघणारी,
ताई