दोनशे टेबलांचा एकच लेखक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. मला वेळ आहे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमची कंपनी गाद्या विकते. गिऱ्हाइकांची सगळी माहिती डेटाबेसमध्ये, दोनशे टेबलांत. टेबल म्हणजे नुसते रकाने, आणि रकान्यांची नावं अशी की ठेवणाऱ्यालाही आठवू नयेत. आता ऑफिसात एआय एजंट आलाय. मेसेज पाठवणं वगैरे कामं तो स्वतःच करतो, पण कुठल्या रकान्यात काय, हे त्याला कळत नाही. म्हणून एक लुकअप टूल केलंय. एजंटने विचारायचं, टूलने अर्थ सांगायचा. आणि ते अर्थ लिहायचे मी! साहेब म्हणाले, दुसरं कुणी रिकामं नाहीये. केवढा विश्वास!

४ मार्च
संकल्प: पंधरा दिवसांत सगळी टेबलं. रोज पहाटे उठून. उद्यापासून.

६ मार्च
पहाट हुकली, पण त्यामुळे डोकं ताजं. पहिला रकाना घेतला. ‘उशांची संख्या’ असं कुणीही लिहील. मी माणूस आणि उशी यांच्या नात्यापासून सुरुवात केली. दीड पान झालं. डेटाबेसवाल्या मॅडम म्हणाल्या, एजंटला एक ओळ पुरते. त्यांना वाचनाची आवड नसावी.

७ मार्च
हिला ते दीड पान वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाला झोपली. गाद्यांच्या कंपनीला याहून मोठी दाद कुठली?

१० मार्च
मॅडम म्हणाल्या, अर्थ नक्की माहीत नसेल तर विचारत जा, पाच मिनिटांचं काम आहे. विचारणार होतो, पण त्या फोनवर होत्या. कुणाचं बोलणं तोडणं माझ्या स्वभावात नाही. आणि अर्थ तसे उघडच असतात. उदाहरणार्थ, डीओबी. डेट ऑफ बुकिंग. गादी बुक केल्याची तारीख. यात काय विचारायचं?

आज बरेच रकाने भराभर उरकले. अंदाजाने. खोडतो. अनुभवाने.

१२ मार्च
सासऱ्यांनी माझ्या शब्दावर आमच्या कंपनीकडून एक गादी मागवली. माझं नाव होतंय.

१७ मार्च
काम पूर्ण! शेवटच्या काही टेबलांपुढे ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. थोडक्यात लिहिणं हीसुद्धा कला आहे. साहेबांनी न वाचताच पास केलं. बढती कधी मागावी? संकल्प: आठवडाभर थांबायचं. उतावीळ दिसायला नको.

१८ मार्च, सकाळ
एजंटचं पहिलं काम. बुकिंग करून ज्यांना अजून गादी मिळालेली नाही, त्यांना माफीचा मेसेज पाठवायचा. एजंटने टूलला विचारलं, बुकिंगची तारीख कुठे? टूलने माझं वाक्य जसंच्या तसं दिलं. अंगावर काटा आला. वाचक मिळाला!

दुपारी
फोनच फोन. तक्रार विभाग अख्खा उभा राहून बोलतोय. यशाचा आवाज असाच असणार.

जरा नंतर
मेसेज पाहिला. ‘आपण ११ जून १९४७ पासून प्रतीक्षेत आहात. इतकी वर्षं ताटकळत ठेवल्याबद्दल दिलगीर आहोत. आणखी थांबायचं नसेल तर कळवा, लगेच रद्द करू.’ जास्त थांबलेल्यांना आधी पाठवलेत. एजंट माणुसकीचा आहे.

मॅडम माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाल्या, डीओबी म्हणजे डेट ऑफ बर्थ. जन्मतारीख. मी म्हणालो, एका अर्थी जन्म हेही बुकिंगच. त्या हसल्या नाहीत. वर म्हणाल्या, एका आजींचं उत्तर आलंय, आत्ताच रद्द नको, नातीचं लग्न बघून कळवते. एजंटने त्यांचे आभार मानून तशी नोंदही केलीय.

१९ मार्च
सासऱ्यांचा फोन. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, जावईबापू, मी आणखी थोडा थांबलो तर तुमच्या कंपनीची काही हरकत आहे का? मी म्हणालो, छे, छे, तुम्ही आरामात थांबा. मग फोन ठेवल्याचा आवाज. ही माझ्याशी बोलत नाहीये. मी भाजीला मीठ नाही म्हणालो, तरी नाही.

२० मार्च
साहेबांसमोर. आधी ते खुर्चीचा हात धरून पोटभर हसले. मीही हसलो. मग ते एकदम थांबले. मला थांबायला जरा वेळ लागला. म्हणाले, यापुढे कशाला हात लावू नका. बढतीचा विषय काढायला वातावरण बरोबर वाटलं नाही.

२४ मार्च, सोमवार
अर्थ आता एजंट स्वतः लिहितो. अडलं की मॅडमना विचारतो. जेवणाच्या सुट्टीआधी दोनशेच्या दोनशे टेबलं झाली. एकेक ओळ, कोरडी. शैली नावाला नाही.

माझ्याकडे त्याहून वरचं काम आलंय. प्रत्येक ओळीपुढे चौकोन असतो, ‘माणसाने तपासलं’. त्यात टिक करायची. साहेब म्हणाले, निदान एवढं तरी. दुपारी जरा डोळा लागला. जाग आली तर स्क्रीनवर एजंट. टिका राहिल्यात, त्याही मीच करून टाकू का, असं फार अदबीने विचारत होता.

मी थोडा वेळ घेतला. असल्या गोष्टींत घाई बरी नाही. मग ‘हो’ म्हणालो.