धोका: धाकटा भाऊ

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, उलट भलत्याच आनंदात लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले, पुढे उणे पाचही सांगितले, तेव्हा त्यांनीच हात जोडले.

माझा धंदा असा. खाडीकाठची खारफुटी आणि तिच्याखालचा चिखल हवेतला कार्बन धरून ठेवतात. तो मोजायचा, जंगल राखण्याचा आराखडा करायचा आणि त्याबद्दल मिळणारे श्रेय, म्हणजे कार्बन क्रेडिट, धूर सोडणाऱ्या कंपन्यांना विकायचे. तीस वर्षे गुडघाभर चिखलात उभी राहिले, एकदाही कंटाळले नाही.

१. राहते घर भाचीला. खाडीकडची खिडकी लागत नाही, ती दुरुस्त करू नये. बँकेतली ठेव खारफुटीच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायकांना. वाटणीवरून भांडण झाल्यास मला वरून मजा येईल.

२. रबरी बूट, खोडाचा घेर मोजायची फीत आणि चिखल काढायची पोकळ नळी माझ्या जुन्या सर्व्हेअरला. उजव्या बुटाला भोक आहे. ते त्यानेच पाडले, आजवर कबूल करत नाही.

३. आता मुख्य कलम. आराखड्यात दाखवावे लागते की प्रकल्प नसता तर जंगल तुटले असते. धोका नाही, तर श्रेय नाही. आम्हा भावंडांच्या समाईक जंगलाला कोणाचाच धोका नव्हता आणि अर्जाची मुदत संपत आली होती. मी रकान्यात ठोकून दिले: "धोका: धाकटा भाऊ. झाडे तोडून कोळंबीची तळी करण्याचा ठाम बेत." माझा भाऊ घड्याळजी. चिमट्याहून जड हत्यार त्याने जन्मात उचललेले नाही.

वाटले, कागद कपाटात पडेल. तपासनीस मला घेऊन थेट त्याच्या दुकानात गेले. "कधी तोडणार तुम्ही जंगल?" भावाने डोळ्यावरचे भिंग काढले, माझ्याकडे पाहिले. "पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "मुळासकट."

प्रकल्प मंजूर झाला. लोक त्याला 'कुऱ्हाड्या' म्हणू लागले. मी ऐकत राहिले आणि प्रकल्प जाईल या भीतीने मूग गिळून बसले. तो अकरा वर्षे माझ्याशी बोलला नाही. त्याचे बरोबर होते. मला लाज वाटते.

म्हणून जाहीर करते की धोका खोटा होता आणि अक्षर माझे होते. याची एक प्रत माझ्या मरणाची वाट न पाहता तपासनिसांच्या कचेरीत जावी, दुसरी दुकानाच्या काचेवर लागावी. प्रकल्प रद्द झाला तर खुशाल होवो. जंगलातला माझा अर्धा वाटा भावाला.

४. कलम ३ मध्ये दुरुस्ती. आज सकाळी वकिलांनी भावाला बोलावून वरील मजकूर ऐकवला. त्याने "धोका खोटा होता" तीन वेळा वाचायला लावले. मग पेन घेऊन साक्षीदाराच्या जागी वाकला.

"अहो, थांबा," वकील म्हणाले. "साक्षीदाराला वाटा मिळत नाही. सही केलीत तर जंगल गेलं."

"माझ्या पोरीच्या नावे करा," भाऊ म्हणाला. "ताई खरं बोलली, त्याला साक्षीदार मीच होणार."

सबब वाटा भाचीला. मी हसते आहे की रडते आहे, हे डॉक्टरीणबाईंनाही ठरवता आले नाही.

सही: (माझीच.)
साक्षीदार १: धाकटा भाऊ, घड्याळजी
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: सोळा मार्च, भरतीच्या वेळी