पांढऱ्या रेषेच्या पुढे

प्रिय आई,

कोळशाची बोट घेऊन विनी उद्या तुझ्याकडे येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय. शनिवारी तू आमच्या लॉकच्या ओळीतून, दोन दरवाजांमधल्या एकेका हौदातलं पाणी सोडत, बोट खाली उतरवणार आहेस, हे तिनंच सांगितलं. एकटीनं उतरू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. पण तू 'का' म्हणून विचारणार, म्हणून सगळं लिहितो.

गेल्या रविवारी लग्नाआधीची दारूपार्टी करायला आलेली एक टोळी भाड्याच्या बोटीतून गेली आणि लॉकच्या पाणी सोडायच्या वरच्या-खालच्या दोन्ही झडपा उघड्याच टाकून गेली. सकाळी पाहतो, तर वरचा कालवा पार रिकामा. पाण्याखाली काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. बाळांचे वापरलेले लंगोट, कुत्र्यांची घाण भरून नीट गाठ मारलेल्या पिशव्या, चरबीचे पांढरे गोळे, मरून फुगलेलं एका बिज्जूचं धूड, आणि जिथं बोटी मुक्काम करतात तिथं कुणीतरी थेट ओतलेली संडासाची टाकी. या सगळ्यात मासे तडफडत होते. मी दोन हातमोजे एकावर एक घालून दाताळं ओढत होतो आणि मध्येच झुडपामागे जाऊन ओकलो.

लॉकच्या कामाला माझ्याबरोबर सिरिल असतो. तो पूर्वी खाटीक होता, त्याला कशाचीच किळस नाही. माझे हातमोजे बघून मला तो डॉक्टर म्हणतो. "काय डॉक्टर, आज कुणाचं पोट फाडायचं?" मी म्हटलं, माणसं घाणेरडी असतात. तर म्हणाला, "डुकराचं आतडं याहून साफ असतं बघ. पण डुकराला कुणी सुट्टीवर पाठवत नाही ना." आणि त्याच हातानं सँडविच खाल्लं.

काठावरून एक बाई कुत्रा फिरवत चालली होती. "पगार मिळतो का रे याचा?" मी नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तुझं डोकं फिरलंय." तिच्या कुत्र्यानं तिथंच काठावर घाण केली. तिनं पिशवीत भरली, गाठ मारली आणि कुंपणाला टांगून गेली. मला माणसांचा वीट आलाय, आई.

तुझ्या बोटीचाही येतो, खोटं कशाला बोलू. तू घर सोडून बोटीवर राहायला गेलीस, तेव्हा त्या उन्हाळ्यात मी आलो होतो. चादरींना बुरशीचा वास होता आणि चहाचे कप तू कालव्यातच खंगाळायचीस. मी चहा प्यायलो नाही. तू हसून म्हणालीस, "राजे, तुमच्यासाठी चांदीचा पेला मागवू का?" लॉकमधलं पाणी उतरायला लागलं की सुकाणू सोडून तू आत किटली ठेवायला जायचीस. बोट आपोआप उतरते, असं तुझं म्हणणं.

उतरत नाही, आई. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. काठावरची पांढरी रेष त्याच्यासाठीच आहे. बोट मागे सरकून रेषेमागे राहिली, तर शेपूट उंबऱ्यावर अडकतं, पुढचं तोंड पाण्याबरोबर खाली जातं आणि बोट बुडते. आत किटलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही.

हे मी तुला शिकवावं असं नाही. पण काल बाकावर बसल्या बसल्या सिरिल बोलून गेला. वसंतात, मी नव्हतो त्या दिवशी, तुझी बोट इथल्याच तिसऱ्या लॉकमध्ये अशीच अडकली होती. त्यानं धावत जाऊन खालच्या झडपा बंद केल्या, वरच्या उघडून पाणी भरलं. तू चहादाणी हातात घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, "पोराला सांगू नका. तो आधीच सगळ्याला घाबरतो."

खरं आहे, घाबरतो. सिरिल नेहमी विचारतो, एवढी किळस येते तर येतोस कशाला. त्याचं उत्तर तुला देतो. या बाजूला उतरणाऱ्या प्रत्येक बोटीला याच लॉकमधून जावं लागतं. तुला कुठं शोधायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी इथं उभा राहिलो. शनिवारी तिसऱ्या लॉकवर मीच असेन. तू सुकाणू सोडू नकोस, झडपा मी बघतो. किटली शेवटचा लॉक उतरल्यावर ठेव. मग मी बोटीवर येईन आणि तुझ्या त्याच कपातून चहा पिईन. कप धुऊ नकोस, नाहीतर पुन्हा कालव्यात खंगाळशील.

पांढऱ्या रेषेपाशी वाट पाहणारा,
तुझाच कॉरिन