खिळ्यावरचा नान

बाबा,

शोरवा गॅसवर आहे. कसायाकडून नुसती हाडं आणली, घरातलं गाजर-शलगम टाकलं आणि असा घमघमाट सुटला, की शेजारच्या खोलिदा आजी "काय गं, आज सोयरीक आहे का कुणाची?" म्हणत डोकावून गेल्या! तेव्हा आज चहाखान्यात रश्शातल्या शेवयांचा लगमान खायला जाऊ नका. तिथला स्वस्त आणि मस्त असतो, मलाही आवडतो. पण महिनाभर तुम्ही एकटेच तिथे जेवताय आणि घरी येऊन सरळ झोपताय.

शोरव्यात कुस्करायला टोपलीतले शिळे नान काढले, तर त्यात आईचा निघाला. मॉस्कोला कामाला जाताना तिने एक घास घेतलेला, दातांची खूण असलेला. "उरलेला ती परत आल्यावर खाईल, तोवर भिंतीवरच राहायचा," हे मला तुम्हीच सांगितलं होतं. मला वाटलं, खिळा निघाला असेल. खिळा जागेवर आहे.

परवा तिचा फोन तुम्ही अंगणात जाऊन घेतलात. काय बोलणं झालं, ते मी विचारत नाही.

नान परत टांगलाय. काढायचाच असेल, तर माझ्यासमोर काढा. मी शिकवणीहून सहाला येते.

मोहिरा