आधी नाव, मग माल

अण्णा,

आईला आत नेलंय. मी बाहेर बाकावर बसलोय आणि तिच्या अंगावरचा सगळा धातू माझ्या मांडीवर रुमालात बांधलेला आहे. बांगड्या, सोन्याच्या, दोन. कुड्या, मोत्याच्या. आकडे, केसांतले, लोखंडी. पिना, बांगडीला अडकवलेल्या, तीन का चार. बघा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून तुमच्याच पद्धतीनं मोजतो. डोक्याचे फोटो काढायचं आतलं मशीन म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक, त्यामुळे टाचणीसुद्धा चालत नाही, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. भिंतीपलीकडून सारखे ठोके ऐकू येतायत. उठून फेऱ्या मारल्या की ती मुलगी "काका, बसा ना" म्हणते, म्हणून बसून लिहितोय. कागद दवाखान्याचाच आहे, मधुमेहाच्या माहितीपत्रकाची कोरी बाजू.

आईचे शब्द हरवायला लागलेत. पहिल्यांदा मी वयावर ढकललं. मग एका सकाळी चहा गाळायच्या वेळी तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "ते दे रं... जाळीचं." गाळणं हा शब्द तिला सापडेना. दोन दिवसांनी पोळपाटाला म्हणाली "लाकडाचं", लोणच्याच्या बरणीला "चिनीमातीचं". नाव जातं आणि ती वस्तू कशाची केलेली आहे तेवढं मागे उरतं. मला आधी चक्क हसू आलं. म्हटलं, अण्णांची पद्धत हिनं उलटी केली. रात्री मात्र झोप लागेना.

तुमची पद्धत कारखान्यातली. मांजरीहून सायकल मारत हडपसरला जायचात, स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लागला होतात आणि इंग्रजी सातवीपुरतं होतं. पहिल्याच आठवड्यात साहेबानं झापलं, ते तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगितलंत की तो साहेब आमच्या पंगतीलाच बसल्यासारखा वाटायचा. खोक्यावर तुम्ही 'वुडन हँडल' लिहिलं होतं. साहेब म्हणाला, "आधी नाव लिहा, हँडल. मग कशाचं ते लिहा, वुडन. रॅकवर माणूस वस्तू शोधायला येतो, लाकूड शोधायला नाही." तेव्हापासून आपल्या घरात इंग्रजी उलटंच नांदलं. ताटावर बसलात की तुम्ही हात पुढे करायचात, "स्पून, स्टील." आई म्हणायची, "अहो, चमचा म्हणा की. मी काय तुमच्या स्टोरातली हेल्पर हाय का?" पण वाण नाही पण गुण लागलाच. थोड्याच दिवसांत तीही माळ्यावर चढलेल्या तुम्हाला खालून ओरडून सांगायला लागली, "पातेलं, पितळी, मोठं. द्या खाली."

पाचवीत मला इंग्रजी सुरू झालं. बाईंनी शिकवलं, 'द चेअर इज मेड ऑफ वुड'. चाचणीत मी बेधडक लिहिलं, 'चेअर, वुडन'. बाईंनी मला उभं केलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणत्या दुकानात मिळतं इंग्रजी?" वर्ग हसला. घरी येऊन मी तुमच्यावर ओरडलो, तुम्हाला इंग्रजी येत नाही तर बोलता कशाला म्हणून. तुम्ही तोंडातला घास सावकाश चावून गिळलात. मग म्हणालात, "बाईंचं इंग्रजी बोलायचं हाय. माझं, वस्तू घावायचं हाय. परीक्षेत बाईंचं लिही." एवढ्यावर थांबला नाहीत, बाईंचं सगळं मला विचारून घेतलंत. वस्तूत मूळ माल दिसत असेल तर एक शब्द, दिसेनासा झाला असेल तर दुसरा, असं बाई म्हणाल्या होत्या. खुर्चीत लाकूड दिसतं म्हणून 'मेड ऑफ', कागदात दिसत नाही म्हणून 'मेड फ्रॉम'. तुम्ही विचारात पडलात. "मंग गूळ फ्रॉममधी," म्हणालात. "त्यात ऊस कुठं दिसतोय? पर जिभंला कळतोय की."

आज सकाळी त्या मुलीनं विचारलं, "आजींच्या अंगात कुठे धातू आहे का? पायात प्लेट वगैरे?" आईचा पाय मोडला होता तो दिवस लगेच आठवला. ती ओल्या पायरीवरून घसरली होती आणि ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही डॉक्टरांचा पिच्छा सोडला नव्हता. आत काय घालणार, कशाचं, गंज लागेल का, हेच पुन्हा पुन्हा. मला तुमची लाज वाटली होती. बाहेर येऊन आम्हा भावंडांना तुम्ही जणू माल उतरवून घेतल्यासारखं सांगितलंत, "पट्टी, स्टेनलेस स्टील, डावी मांडी. गंज लागत न्हाय. झोपा आता." आज मीही त्या मुलीला तेवढंच सांगितलं, तुमच्याच क्रमानं. ती हसून म्हणाली, "काका, तुम्ही मिलिटरीत होतात का?" डॉक्टरांनी एक्स-रे बघून आधीच परवानगी दिलीय, ती नुसती खात्री करत होती. तरी मी विचारलं, चुंबक ती पट्टी ओढणार नाही ना. मग परत विचारलं. तिसऱ्यांदा तिनं उत्तराऐवजी पाण्याची बाटली दिली. तुम्ही डॉक्टरांना का भंडावलं होतं ते आज कळलं, अण्णा. तुम्हाला पट्टीची काळजी नव्हती. तुम्ही घाबरला होतात आणि घाबरल्यावर बोलायला तुम्हाला दुसरं काही येत नव्हतं.

आत जाताना आईच्या मुठीत एक रबरी फुगा दिला. भीती वाटली तर दाबायचा, की मशीन थांबवतात. त्याला शब्द लागत नाही, हे बरं आहे. दाराशी त्या मुलीनं सहज विचारलं, "आजी, हे कोण तुमचे?" आई माझ्याकडे बघत राहिली. एकेक रॅक चाळून रिकाम्या हातानं परत यावं तशी तिची नजर फिरत होती. मग तिनं माझं मनगट धरलं, चाचपलं आणि म्हणाली, "ह्यो... ह्यो माझ्याच हाडामासाचा हाय." मुलगी म्हणाली, "किती गोड." मीही मान हलवली. मला ते गोड वाटलं नाही. गाळण्याचं, बरणीचं झालं तेच माझं झालं होतं. पण मनगट तिनं दारापर्यंत सोडलं नाही, हेही खरं आहे, आणि लिहिता लिहिता माझा दुसरा हात सारखा त्या जागेवर जातोय.

ठोके थांबलेत. आता दार उघडेल, आणि मग डॉक्टर बोलावतील. हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला कुठल्या रॅकवर ठेवलंय ते मला ठाऊक नाही. रुमालाबरोबर खिशात घालीन. पण डॉक्टरांसमोर जाण्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. परवा त्यांनी विचारलं होतं, "कोणकोणते शब्द जातात? घरच्यांची नावं येतात ना?" मी म्हणालो, "येतात की." बहिणीलाही फोनवर तेच सांगितलं. आईनं मला नावानं हाक मारलेली नाही, त्याला बरेच दिवस झाले. डॉक्टरांना मी गाळणं सांगितलं, पोळपाट सांगितला, बरणी सांगितली. आधी नाव सांगायचं असतं, तेवढं मात्र सांगितलं नाही.