मुंडणानंतरचा चेहरा

३ नोव्हें., सोम.
बाबांचं तेरावं काल आटोपलं. आज हिंजवडी, ऑफिस. गेटवरच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. लाल दिवा. ओळख पटली नाही म्हणे. डोकं गुळगुळीत, कॉलेजपासूनची मिशी गेलेली, त्या यंत्राला काय बोलणार. मागे रांग. सिक्युरिटीचे वानखेडे म्हणाले, "मी त तुमाले ओयखतो साहेब, पन मशीन नाई म्हन्ते." शेवटी गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर पाहुणा.

४, मंगळ.
एचआरची तन्वी. गोड बोलते. "सर, दोन मिनिटांत नवा फोटो घेऊ. समोरून, डावीकडून, उजवीकडून." म्हटलं, नको. मुंडणाचा फोटो काढू नये म्हणते आई. दहाव्याला भाच्याने मोबाइल वर केला, तर तिने तिथल्या तिथे खाली करायला लावला. मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण हे केस बाबांसाठी उतरवलेत, कंपनीसाठी नाही. केस येईपर्यंत सही करतो म्हटलं. विचारून सांगते म्हणाली.

७, शुक्र.
सहीची सोय नाही. चेहरा नाही तर हजेरी नाही. सोमवारपासून गैरहजर लागलोय. कामं मात्र रोज सांगतात, ती गैरहजर माणूस करतोय.
तन्वीला विचारलं, आमचे चेहरे ठेवता कुठे?
"मशीनच्या व्हेंडरकडे, सर."
तो कुठे असतो? माहीत नाही. नोकरी सोडली की पुसता का? "आजपर्यंत कोणी विचारलं नाही, सर."
घरी बायको, मृणाल, म्हणाली, "अरे, काढू दे की एक फोटो. पगार कापतील." तिचं चूक नाही. तरी तिच्यावरच ओरडलो. वड्याचं तेल वांग्यावर.

१२, बुध.
हिरवा दिवा. मी नीट थांबलोही नव्हतो. स्क्रीनवर माझं नाव आणि फोटो. गोटा, मान खाली, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला. लॉबीच्या कॅमेऱ्यातून उचललाय, पहिल्याच दिवसाचा. विचारायची गरज कुणाला?
तन्वी म्हणाली, "सर, तुमचाच प्रॉब्लेम सॉल्व्ह केला ना."
म्हणजे मीच आभार मानायचे राहिले. हा फोटो काढून टाका, अशी मेल टाकली. आईला सांगितलं नाही.

२४, सोम.
केस हाताला लागायला लागलेत. मिशीही. मशीन आज जरा अडखळलं, मग हिरवं झालं. म्हणजे फोटो आहे तिथेच. मेलला उत्तर, 'आपली विनंती विचाराधीन आहे.'
संध्याकाळी आईने डोक्यावरून हात फिरवला. "दिसायला लागलास पूर्वीसारखा," म्हणाली. आत जाऊन आरशात बघितलं. बाबा गेले तेव्हाचा तो चेहरा आता माझ्याकडेही नाही. घरात त्याचा एकही फोटो नाही. कंपनीकडे आहे.
उद्या परत मेल. आणखी कुणाकुणाकडे गेलाय, तेही विचारणार.